फेरारीचा खोटा दिवा

मंडळी, या शनिवारचा विषय जरा महागडा आहे. फेरारी! त्यातही एफ३५५. १९९४ ते १९९९ या काळात इटलीतल्या मारानेल्लो गावात बनलेली, पाठीमागे साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन साडेआठ हजार आरपीएमपर्यंत किंचाळणारी गाडी. अशा जेमतेम अकरा हजार गाड्या जगात बनल्या. पण मला आज तिच्या रूपाबद्दल किंवा आवाजाबद्दल बोलायचं नाहीये. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते तिच्या डॅशबोर्डवरच्या एका चिमुकल्या दिव्याबद्दल.

या दिव्यावर लिहिलेलं असतं 'स्लो डाऊन १-४'. त्याचा जुळा भाऊ असतो, 'स्लो डाऊन ५-८'. म्हणजे पहिल्या चार सिलिंडरांचा एक आणि उरलेल्या चारांचा दुसरा. गंमत बघा, माणूस आयुष्याची पुंजी ओतून ३८० हॉर्सपॉवरची गाडी घेतो, आणि तीच गाडी त्याला सांगते, "बाबा रे, हळू चालव." :-)

गंमत आपल्याला. मालकाच्या पोटात मात्र हा दिवा लागला की गोळा येतो. कारण या गाडीत साधा टायमिंग बेल्ट बदलायचा म्हटला तरी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तिथे इंजिनाबद्दलचा दिवा लागणं म्हणजे बिलाचा आकडा डोळ्यांपुढे नाचायला लागणं. मग गाडी गॅरेजात जाते, चार दिवस तपासणी होते आणि पुष्कळदा निघतं काय? इंजिन ठणठणीत. सायलेन्सर ठणठणीत. खोटं बोलला तो दिवाच.

मी काही मेकॅनिक नव्हे. सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा, आणि त्या धंद्यात खोट्या इशाऱ्यांशी रोजची गाठ असते. म्हणूनच हा दिवा मुळात आला कुठून, तो खोटं का बोलतो, आणि 'दिव्यावर विश्वास कधी ठेवायचा' हे शिकायला मोटारवाल्यांना किती वर्षं लागली, हा इतिहास मला फार ओळखीचा वाटतो. तोच आज सांगतो.

सुरुवातीच्या मोटारींत इशाऱ्याचे दिवे नव्हतेच. काटे होते. तेलाचा दाब किती, पाणी किती तापलंय, हे काटा बघून चालकानेच ठरवायचं. काट्याचं एक बरं असतं. तो निकाल देत नाही, फक्त आकडा देतो. रोज चाळीसवर असणारा काटा आज पंचविसावर का, हा प्रश्न माणसालाच पडतो. पण रोज काटे बघणार कोण? १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या दाबाचा आणि डायनामोचा काटा काढून तिथे दिवे बसवले. काटा महाग, बल्ब स्वस्त. हळूहळू सगळ्यांनीच हे उचललं. अमेरिकन गाडीवेड्यांनी या दिव्यांना नाव ठेवलं 'इडियट लाइट', मठ्ठांचा दिवा!

नावात कुत्सितपणा आहे खरा, पण मुद्दा बरोबर होता. दिवा लागला की काहीतरी ठरून गेलेलं असतं. कुणीतरी कुठेतरी एक रेघ आखलेली असते आणि ती ओलांडली गेली असं तो सांगतो. रेघ कुठे आखली, कशावरून ओलांडली असं समजलं, हे तो सांगत नाही. तरी त्या काळी फारसं बिघडत नसे, कारण तेलाच्या दिव्यामागे एक साधा दाबाचा स्विच आणि एक वायर, एवढाच कारभार होता. खोटं बोलायला जागाच कमी!

ही जागा वाढली ती लॉस एंजेलिसच्या धुरामुळे. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर उतरला की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना जपानने विषारी वायूचा हल्ला केल्याची शंका आली. हा धूर येतो कुठून हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आरी हागन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोटारींच्या एक्झॉस्टमधलं अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर कडक ऊन पडलं की हा प्रकार तयार होतो. मोटार कंपन्यांनी आधी नाकं मुरडली. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळच स्थापन केलं, आणि हागन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पाठोपाठ ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नव्या स्वच्छ हवा कायद्यावर सही केली. काही वायूंचं प्रमाण पाच वर्षांत नव्वद टक्क्यांनी खाली आणा, असा हुकूम त्यात होता.

त्यावरचा उपाय म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १९७५ सालच्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांत तो आला. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार डबा, जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्यातून जाताना उरलेसुरले जळून निघतात. त्यानंतर १९७६ मध्ये बॉशने लॅम्बडा सेन्सर तयार केला आणि व्होल्वोने तो पहिल्यांदा गाडीत वापरला. हा सेन्सर एक्झॉस्टमधला प्राणवायू बाहेरच्या हवेतल्या प्राणवायूशी ताडून बघतो. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण साधलंय की नाही, हे त्यावरून इंजिनाच्या संगणकाला कळतं आणि तो पेट्रोल कमी-जास्त करतो. थोडक्यात काय, तर इंजिन आता स्वतःचाच श्वास हुंगून स्वतःला सुधारायला लागलं.

फेरारीसारख्या छोट्या कारखान्याला हे सगळं जड गेलं. अमेरिका ही त्यांची मोठी बाजारपेठ, तेव्हा नियम टाळून चालणार नव्हतं. पण फेरारीची सगळी कीर्ती कार्बुरेटरच्या, हाताने जुळवलेल्या, कानाने ऐकून बसवलेल्या इंजिनांची. १९८० मध्ये त्यांनी ३०८ या गाडीचे कार्बुरेटर काढून बॉशची पेट्रोल-फवारणी बसवली, तेव्हा युरोपातल्या मॉडेलची ताकद २५५ हॉर्सपॉवरवरून २१४ वर घसरली. दोन वर्षांनी प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन त्यांनी ती बरीचशी परत मिळवली. पण तेव्हापासून इंजिन इटलीचं आणि मेंदू जर्मनीचा, हा संसार सुरू झाला तो झालाच.

डॅशबोर्डवरच्या दिव्याचा इतिहासही इथेच वळण घेतो. १९८१ पासून जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकन गाड्यांत संगणक बसवला आणि सोबत एक 'चेक इंजिन' दिवा दिला. मग कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ मध्ये नियमच केला, की १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीनेच स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेवर नजर ठेवायची आणि बिघाड झाला की दिवा लावून सांगायचं. यालाच पुढे ओबीडी म्हणायला लागले. यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. लाखो गाड्यांमागे लाखो पोलीस उभे करता येत नाहीत. मग गाडीलाच तिच्याविरुद्धचा साक्षीदार करा!

पण साक्षीदार आला की खोटी साक्षही आली.

आता परत आपल्या 'स्लो डाऊन'कडे येऊ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि फार तापला तर स्वतःच जळतो. समजा एका सिलिंडरची ठिणगी पडेनाशी झाली. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर येतं आणि थेट तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. बघता बघता तापमान नऊशे, हजार अंशांच्या पुढे जातं. जाळी वितळते, वाट बुजते, आणि वाईटात वाईट म्हणजे जवळच्या वस्तूला आग लागू शकते. हे भय काही फेरारीपुरतं नव्हतं. १९७० च्या दशकात जपानी बाजारातल्या साध्यासुध्या गाड्यांतही एक्झॉस्टच्या तापमानाचा दिवा असे. पण फेरारीत इंजिन चालकाच्या पाठीमागे, कोंदट जागेत, शेजारी पेट्रोलच्या टाक्या, आजूबाजूला रबराच्या नळ्या. तिथे धोका जास्त. तेव्हा कन्व्हर्टरमध्ये तापमानाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवर 'स्लो डाऊन' दिवा, ही योजना अगदी शहाणपणाची होती.

दोन दिवे का? कारण व्ही आकाराच्या या इंजिनाच्या दोन बाजू म्हणजे जवळजवळ दोन वेगळी चार सिलिंडरची इंजिनंच. ३५५ च्या आधीच्या ३४८ मध्ये तर प्रत्येक बाजूला स्वतःचा वेगळा संगणक होता. प्रत्येक बाजूला आपला कन्व्हर्टर, आपला तापमान-सेन्सर, त्याचं सिग्नल वाचणारा आपला छोटा डबा आणि आपला दिवा. आधी दिवा लुकलुकतो, म्हणजे वेग कमी करा. मग स्थिर होतो, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. काही वेळा त्या बाजूचं पेट्रोलच तोडलं जातं आणि आठ सिलिंडरची फेरारी चार सिलिंडरवर लंगडत घरी येते.

मग हा शहाणा दिवा खोटं का बोलायला लागला? त्यासाठी त्या सेन्सरच्या पोटात शिरावं लागेल. हा सेन्सर म्हणजे थर्मोकपल. १८२१ मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाला दिसलं होतं की दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून सांधा तापवला की विजेचा परिणाम दिसतो. त्याच तत्त्वावर हे चालतं. एवढ्या उष्णतेसाठी सर्रास वापरतात ते के-टाइप थर्मोकपल दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे कन्व्हर्टर ९०० अंशांना पोचला तरी हाती येतात जेमतेम ३७ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या चाळिसाव्या भागाइतका हा सिग्नल! तोही कुठून कुठे येणार? जिथे सगळ्यात जास्त उष्णता, सगळ्यात जास्त हादरे, आणि स्पार्क प्लगच्या हजारो व्होल्टचा गोंगाट आहे, त्या इंजिनाच्या खोलीतून.

दुसरी मेख अशी की थर्मोकपल तापमान सांगतच नाही. तापलेलं टोक आणि थंड टोक यांच्यातला फरक तेवढा सांगतं. थंड टोक किती थंड आहे हे त्या छोट्या डब्याला स्वतःच ओळखून हिशेबात धरावं लागतं. तो डबा म्हातारा झाला, उन्हाळे-पावसाळे बघून त्याच्या आतले सांधे आणि भाग कुरकुरायला लागले, किंवा कनेक्टरवर गंज चढला, की हिशेब चुकतो. चार-पाच मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले की कागदावर शंभर-सव्वाशे अंश वाढले! आणि दिवा म्हणतो, "हळू चालव."

म्हणजे बघा, दिव्याला इंजिन दिसत नसतं. कन्व्हर्टरसुद्धा दिसत नसतो. त्याला दिसतात फक्त तारेच्या टोकाशी आलेले काही मिलिव्होल्ट. 'कन्व्हर्टर तापलाय' हे वाक्य आपण आपल्या मनाने जोडतो. दिव्याचं खरं वाक्य एवढंच असतं: "माझ्याकडे आलेला आकडा रेघेच्या वर आहे."

यावर लोकांनी काय काय केलं त्याचाही एक इतिहासच आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दिव्यावर काळी चिकटपट्टी. त्याहून धीट लोक बल्बच काढून टाकत. त्याहून हुशार लोक थर्मोकपलच्या जागी सदैव 'सगळं थंड आहे' असं सांगणारं सर्किट जोडून मोकळे होत. यातल्या कुणालाही मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण नेहमी त्या पोराला दोष देतो. पण दहा वेळा धावत जाऊन दमलेल्या गावकऱ्यांचाही विचार करा ना. अकराव्या वेळी ते अंथरुणातून उठले नाहीत ही त्यांची नीतिमत्ता नव्हे, त्यांचा अनुभव होता. फक्त लांडग्याला याच्याशी देणंघेणं नसतं. चिकटपट्टीच्या आड एक दिवस दिवा खरा लागतो, ठिणगी खरोखर चुकलेली असते आणि पाठीमागे पेट्रोलची टाकी असते.

चांगल्या मेकॅनिकांनी मात्र एक सुरेख युक्ती शोधली, आणि तिच्यासाठी लागतं काय, तर एक पाना. गाडीला सगळं दोन-दोन आहे ना? मग १-४ चा दिवा लागत असेल तर दोन बाजूंचे ते छोटे डबे एकमेकांच्या जागी लावायचे आणि गाडी चालवायची. आता दिवा ५-८ चा लागला, तर दोष डब्यात. दिवा १-४ चाच राहिला, तर डबा निर्दोष. मग थर्मोकपलची अदलाबदल करायची. तरीही दिवा जागचा हलला नाही, तर सेन्सर आणि डबा दोघेही खरं बोलताहेत. मग वायरी बघायच्या, आणि त्याही धड असतील तर त्या बाजूचा कन्व्हर्टर खरंच तापतोय असं समजायचं. माझ्या धंद्यात बग शोधताना आम्ही नेमकं हेच करतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष तिच्याबरोबर जातो का ते बघायचं. न बघता भारंभार भाग बदलत सुटणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. फेरारीच्या भावात ती भुई फारच महाग पडते.

या युक्तीतली शेवटची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण 'या गाड्यांचा दिवा खोटाच असतो' असं धरून चालणारे तिथेच फसतात. एफ३५५ ची एक ठरलेली दुखरी जागा आहे. इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या नळ्या उष्णतेने चिरतात. आता साखळी बघा. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या लॅम्बडा सेन्सरला जास्तीचा प्राणवायू दिसतो. तो संगणकाला सांगतो, "पेट्रोल कमी पडतंय." संगणक बिचारा आज्ञाधारक, तो पेट्रोल वाढवतो. जास्तीचं पेट्रोल पुरतं न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर खरोखर तापतो. आणि 'स्लो डाऊन' लागतो.

इथे खोटं कोण बोललं? लॅम्बडा सेन्सर बिघडला नव्हता, त्याला प्राणवायू खरंच दिसला. संगणकाने नियमाप्रमाणेच केलं. तापमानाच्या दिव्याने तर चक्क खरं सांगितलं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, आणि एका चिरेमुळे सगळे मिळून गाडी जाळायला निघालेले! अशा वेळी 'हा दिवा नेहमीचाच खोटारडा' म्हणून त्याचं तोंड बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता प्रश्न असा, की मोटारजगताने यातून काही धडा घेतला का? घेतला, आणि तो १९९६ मध्ये कायद्यात आला. त्या वर्षीच्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना ओबीडीची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली. फेरारीलाही. त्यासाठी एफ३५५ चा बॉश मोट्रॉनिक संगणक २.७ वरून ५.२ या आवृत्तीवर गेला. या दुसऱ्या आवृत्तीबद्दल लोकांना आठवतं ते सोळा टाचण्यांचं सॉकेट आणि सगळ्या कंपन्यांना समान असे कोड. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकतेय, हे मारानेल्लोतही तेच आणि डेट्रॉइटमध्येही तेच. पण माझ्या मते खरी करामत वेगळीच होती. साक्षीदारावर विश्वास कधी ठेवायचा, याचे नियम त्यात पहिल्यांदा नीट लिहिले गेले.

एक, बहुतेक दोषांसाठी एका साक्षीवर दिवा लावायचा नाही. पहिल्यांदा दिसलेला दोष संगणक मनात ठेवतो. गाडी पुन्हा चालवल्यावर तोच दोष परत दिसला तरच दिवा. दोन, ठिणगी चुकून कन्व्हर्टर जळण्याची वेळ आली असेल तर मात्र थांबायचं नाही, तिथेच दिवा लुकलुकवायचा. म्हणजे इशाऱ्याची घाई नुकसानीच्या मानाने ठरवायची. तीन, दोष दिसला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, हे सगळं टिपून ठेवायचं. नुसता निकाल नको, पंचनामाही हवा. चार, लागोपाठ तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो. पण कोड लगेच पुसायचा नाही, इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापेपर्यंत तो जपून ठेवायचा. पाच, किल्ली फिरवल्यावर दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. का, ते तुम्ही ओळखलं असेलच: बल्ब काढणाऱ्या मंडळींसाठी! आणि स्कॅनरने कोड उडवून चाचणीला जाणाऱ्यांसाठी सहावी तरतूद, की कोड उडवला की 'माझी स्वतःची तपासणी अजून पूर्ण झालेली नाही' हेही गाडीच सांगते.

याने खोटे दिवे संपले का? छे. उलट नवे प्रकार आले. पेट्रोलच्या वाफा गळू नयेत म्हणून टाकीवर नजर ठेवायला सुरुवात झाली. त्यात एक मिलिमीटर, पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाइतकी गळती पकडायची होती, तर टाकीचं झाकण नीट न लावल्यानेही दिवे लागले. ठिणगी चुकली का हे क्रँकशाफ्टच्या वेगातल्या बारीक चढउतारावरून ओळखतात, तर खडबडीत रस्त्यावर चाकाचे धक्के क्रँकशाफ्टपर्यंत पोचून ठिणगी चुकल्याचा भास व्हायला लागला. (आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा!) मग त्यावर दुसरा साक्षीदार आला. ब्रेकच्या एबीएसचे सेन्सर सांगतात की चाकंच थडथडताहेत, तेव्हा आत्ता इंजिनाला दोष देऊ नका. उपाय प्रत्येक वेळी एकाच जातीचा होता: दिव्याचं तोंड न दाबता त्याच्याशेजारी दुसरा साक्षीदार उभा करायचा.

याची उलटी बाजूही जगाने पाहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू असताना धूर स्वच्छ आणि रस्त्यावर घाण. आणि त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिवा? शांत, विझलेला. भारतातही पुण्याच्या एआरएआयने केलेल्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. फेरारीचा दिवा खोटा लागला म्हणून मालकाचे पैसे आणि झोप गेली. इथे दिवा खोटाच विझलेला राहिला आणि त्याची किंमत रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने मोजली. खोट्या ओरडण्यापेक्षा खोटं मौन जास्त महाग पडतं. कारण ओरडणाऱ्याची निदान चौकशी तरी होते.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं, दारात फेरारी आहे कुणाच्या? पण लॉस एंजेलिसच्या धुरातून जन्मलेला तो पिवळा दिवा आज तुमच्याही गाडीत आहे. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडी आलं आणि एप्रिल २०१३ पासून त्याची दुसरी पायरी. तो दिवा लागला की आपल्याकडेही दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक तर घाबरून मेकॅनिक सांगेल तो भाग बदलायचा, नाहीतर "काही नाही हो, सेन्सरचा प्रॉब्लेम आहे" म्हणत स्कॅनरने कोड उडवून पुढे जायचं. दोन्हीत एक गोष्ट समान आहे. दिव्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आमच्या धंद्यातही हेच चालतं. रात्री तीनला वाजणारा इशारा चार वेळा खोटा निघाला की पाचव्या वेळी कुणीतरी तो म्यूट करतं. मी नव्या मुलांना सांगतो, म्यूट करायला माझी हरकत नाही, पण आधी त्या इशाऱ्याचं खरं वाक्य लिहून दाखवा. 'सर्व्हर बंद पडला' असं नको लिहायला. 'अमुक तारेवरून आलेला आकडा अमुक रेघेच्या वर गेला' असं लिहा. ते वाक्य लिहिलं की पुढचे प्रश्न आपोआप पडतात. तार धड आहे का? रेघ योग्य जागी आहे का? हेच दुसऱ्या कुणाला दिसतंय का?

फेरारीच्या त्या मेकॅनिकाने पाना हातात घेऊन हेच तीन प्रश्न विचारले होते. तुमच्या गाडीचा दिवा लागला तर तुम्हीही विचारा. लुकलुकत असेल तर आधी वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा, प्रश्न मागाहून. स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर टाकीचं झाकण बघा, कोड वाचून घ्या, लिहून ठेवा आणि मगच तो उडवू द्या. परत आला तर तो खरं बोलतोय असं धरून चाला.

असो. बराच लांबला आजचा लेख. भेटू पुढच्या शनिवारी.